विसावा : प्रवासाचाच एक टप्पा

प्रवास म्हटला की अंतर कापणे, गाडी पकडणे, नवी गावे आणि नवी माणसे पाहणे याच गोष्टी प्रथम मनात येतात. घरातून निघताना किती किलोमीटर जायचे, कोणती स्थळे पाहायची, किती दिवसांत परतायचे यांचा हिशेब बारकाईने मांडला जातो. कुठे थांबायचे आणि किती वेळ थांबायचे, याचा हिशेब मात्र क्वचितच होतो. थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे, अशी समजूत त्यामागे असते.

दोन दिवसांच्या सहलीत ही समजूत फारशी नडत नाही. परंतु पाठीवर सॅक घेऊन, कधी पायी, कधी बसने, तर कधी रेल्वेच्या साध्या डब्यातून मित्रांसह महिनाभर केलेल्या भटकंतीत ती महाग पडते. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात पाय बोलू लागतात, झोप अपुरी पडते, क्षुल्लक कारणावरून शब्दाला शब्द लागतो आणि पाहिलेली देवळे, किल्ले, बाजार यांची आठवण एकमेकांत मिसळून जाते. माणूस पुढे जात असतो. पण प्रवास मात्र केव्हाच थांबलेला असतो. अशा वेळी गरज असते ती विसाव्याची. विसावा का आवश्यक असतो आणि तो कसा घ्यावा, याचा विचार चेन्नईजवळील कोवलम या समुद्रकाठच्या गावाच्या उदाहरणाने या पाठात केला आहे.

थांबणे आणि विसावणे

थांबणे आणि विसावणे या दोन क्रिया वरवर सारख्या दिसतात. पण त्या एक नव्हेत. गाडी चुकली म्हणून स्थानकावर ताटकळत बसणे हे थांबणे होय. त्यात शरीर स्थिर असते, मन मात्र अस्वस्थ असते. विसावा हा ठरवून घेतलेला असतो. पुढे जाण्याची घाई काही काळ बाजूला ठेवून शरीराला आणि मनाला सैल सोडणे, हा त्याचा गाभा आहे.

मराठी माणसाला हा विचार नवा नाही. आषाढी वारीचे वेळापत्रक पाहिले तर त्यात ‘विसावा’ हा शब्द पुनःपुन्हा आढळतो. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, दुपारचा विसावा आणि मग रात्रीचा मुक्काम, असा वाटचालीचा क्रम असतो. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरपुरात पोहोचते. हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालले, तर ते दहा-बारा दिवसांत पार होईल. प्रत्यक्षात त्यासाठी दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, कारण काही गावी पालखी एकाऐवजी दोन मुक्काम करते. पुणे ते सासवड हा दिवे घाटाच्या चढणीचा दीर्घ टप्पा पार केल्यावर सासवडला दोन मुक्काम असतात. घाट चढून आलेल्या वारकऱ्याला तेथे एक पूर्ण दिवस मिळतो. कपडे धुणे, पायांना तेल लावणे, सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेणे, घरी निरोप पाठवणे ही कामे त्या दिवशी होतात. वारीत तरुण असतात, तसे साठी-सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुषही असतात. ते सर्व पंढरपूरपर्यंत चालत जाऊ शकतात, याचे श्रेय श्रद्धेइतकेच या सुनियोजित विसाव्यालाही आहे.

शरीराची मागणी

पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चालताना शरीरात काय घडते, हे जाणून घेणे उपयुक्त आहे. चालण्यासाठी लागणारी शक्ती स्नायूंना त्यांच्यात साठवलेल्या शर्करेपासूनही मिळते. दीर्घ श्रमांनंतर हा साठा उतरतो. तो पुरता भरून येण्यास पुरेसे अन्न आणि साधारणतः एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. सतत श्रम केल्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजाही होतात. त्या भरून काढण्याचे काम शरीर विश्रांतीच्या काळात, विशेषतः झोपेत करते. ही डागडुजी होण्याआधीच पुन्हा तितकेच श्रम केले, तर दुखणे साचत जाते आणि एखाद्या दिवशी गुडघा किंवा घोटा कामच करेनासा होतो.

पायांचीही तीच गोष्ट आहे. घट्ट किंवा ओल्या बुटांमुळे टाचेला आणि बोटांना फोड येतात. फोड फोडू नये. तो स्वच्छ ठेवावा, त्यावर पट्टी लावावी आणि पायाला मोकळी हवा द्यावी. एका दिवसाच्या विसाव्याने जो फोड बसतो, तोच दुर्लक्ष केल्यास चिघळतो आणि पुढचे चार दिवस खातो.

उष्ण प्रदेशात घामावाटे पाणी आणि क्षार शरीराबाहेर जातात. डोके जड होणे, तोंडाला कोरड पडणे, लघवी गडद होणे ही त्याची लक्षणे होत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पेय अशा वेळी उपयोगी पडते. चक्कर येऊ लागली, त्वचा तापली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

कोवलम : वाटेवरचा किनारा

चेन्नईहून समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे जाणारा मार्ग ‘ईस्ट कोस्ट रोड’ या नावाने ओळखला जातो. या मार्गाने सुमारे ४० किलोमीटर गेल्यावर तमिळनाडूच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातील कोवलम हे मच्छीमारांचे गाव लागते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ याच नावाचे एक प्रसिद्ध पर्यटनस्थळ आहे. दोन्ही गावांची नावे सारखी असल्याने तिकीट काढताना किंवा पत्ता विचारताना गोंधळ होऊ शकतो. एक कोवलम अरबी समुद्रावर आहे, तर दुसरे बंगालच्या उपसागरावर.

चेन्नईजवळचे हे कोवलम जुने बंदर आहे. कर्नाटकच्या नबाबांच्या काळात ते ‘सादत बंदर’ या नावाने ओळखले जात असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील ऑस्टेंड कंपनीने येथे वखार घातली होती. पुढे येथील किल्ला फ्रेंचांच्या ताब्यात आला आणि १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने तो जिंकून घेतला. आज या गावात दर्गा, चर्च आणि मंदिर जवळजवळ नांदतात. येथील पुळणीला २०२१ साली ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. पाण्याची शुद्धता, स्वच्छता, सुरक्षितता आणि पर्यावरणाची काळजी या निकषांवर हे मानांकन दिले जाते.

दक्षिण भारताची दीर्घ भटकंती करणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने या गावाचे स्थान मोक्याचे आहे. मागे चेन्नईसारखे गजबजलेले महानगर आहे. पुढे सुमारे २० किलोमीटरवर महाबलिपुरम आहे. पल्लव राजांच्या काळात खडकांतून कोरलेल्या तेथील स्मारकांना १९८४ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. त्याही पुढे पुदुच्चेरी, चिदंबरम, तंजावर आणि रामेश्वर ही ठिकाणे प्रवाशाची वाट पाहत असतात. महानगराचा कोलाहल मागे टाकल्यानंतर आणि स्मारकांचे दर्शन सुरू होण्यापूर्वी, मध्येच एक दिवस काहीही न पाहण्यासाठी राखून ठेवावा, असे हे ठिकाण आहे. शिल्पे पाहण्यासाठी डोळे जसे लागतात, तसे ताजे मनही लागते. थकलेल्या मनाला सर्व दगड सारखेच दिसतात.

ऋतूचा विचार मात्र आधी करावा लागतो. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो; चेन्नईच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो आणि त्याच सुमारास चक्रीवादळांचाही संभव असतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा ताप असह्य होतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस या किनाऱ्यावरील विसाव्यासाठी विशेष अनुकूल ठरतात.

किनाऱ्यावरचा एक दिवस

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला कोवलममध्ये एक गोष्ट चटकन जाणवते. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. येथे तो समुद्रातून उगवतो. कोकणात लोक संध्याकाळी पुळणीवर जमतात. येथे दिवसाचा सर्वांत सुंदर प्रहर पहाटेचा असतो. म्हणून विसाव्याच्या दिवशीही लवकर उठण्यात हित आहे. फरक एवढाच की, उठून कोठे जायचे नसते.

पहाटेच्या उजेडात समुद्रावरून परतणाऱ्या नावा दिसू लागतात. पूर्वी येथील मच्छीमार लाकडाचे ओंडके एकत्र बांधून केलेले तराफे वापरत. तमिळ भाषेत त्यांना ‘कट्टुमरम’ म्हणतात. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड किंवा झाड. इंग्रजीतील ‘कॅटमरान’ हा शब्द याच तमिळ शब्दावरून घेतलेला आहे. आता बहुतेक ठिकाणी त्यांची जागा फायबरच्या, इंजिन लावलेल्या नावांनी घेतली आहे. तरीही नाव वाळूवर ओढून घेणे, जाळ्यातील मासळी सोडवणे, तिचा लिलाव करणे ही कामे पूर्वीप्रमाणेच सर्व मिळून करतात.

सकाळच्या न्याहारीसाठी इडली किंवा पोंगल हे पदार्थ उत्तम. दोन्ही पदार्थ पचायला हलके असून श्रमांनंतर शरीराला हवी असलेली शक्ती पुरवतात. दुपारी दहीभात आणि ताक यांसारखा थंडावा नाही. ताकाला तमिळमध्ये ‘मोर’ म्हणतात. ‘मोर प्या’ असा आग्रह झाल्यास मराठी माणूस क्षणभर बुचकळ्यात पडेल. पण पेला हाती येताच शंका फिटते. शहाळ्याचे पाणी तर या किनाऱ्यावर जागोजागी मिळते.

दुपारच्या सुमारास समुद्रावरून गार वारा वाहू लागतो. त्याचे कारण सोपे आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा गरम व हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. यालाच खारे वारे म्हणतात. या वाऱ्यात, सुरूच्या झाडांच्या सावलीत तासभर झोपणे हा विसाव्याच्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम मानावा. पुस्तकाची चार पाने वाचणे, घरी पत्र लिहिणे, फाटलेला पट्टा शिवणे, सॅकमधले सामान बाहेर काढून नको असलेल्या वस्तू वेगळ्या करणे, ही कामे उरलेल्या वेळात होतात. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा अधिक नसावे, असा साधारण संकेत आहे. पहिल्या आठवड्यात न लागलेली वस्तू पुढेही बहुधा लागत नाही. असे सामान टपालाने घरी पाठवून देणे शहाणपणाचे ठरते.

ज्यांना हालचाल हवीच असेल, त्यांच्यासाठी कोवलममध्ये फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग शिकण्याची सोय आहे. येथील मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने स्वतःच्या प्रयत्नाने हा खेळ आत्मसात केला आणि पुढे इतरांच्या साहाय्याने २०१२ साली त्याच्या शिक्षणाची शाळा सुरू झाली. गावातील अनेक मुलांनी तेथे प्रशिक्षण घेतले. जवळच मुट्टुकाडु येथे दक्षिणेतील राज्यांची पारंपरिक घरे जतन करणारे ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय १९९६ पासून आहे. मात्र विसाव्याच्या दिवशी यांतील एखादीच गोष्ट निवडावी. सर्व काही करून पाहण्याचा अट्टहास धरला, तर तो दिवस विसाव्याचा न राहता पुन्हा प्रवासाचाच होतो.

समुद्राची शिस्त

विसाव्याच्या क्षणी माणूस बेसावध असतो. म्हणूनच समुद्रकिनाऱ्यावरील अनेक दुर्घटना मौजेच्या भरात घडतात. मित्रांचा गट असला की एकमेकांच्या आग्रहाने धाडस वाढते. पोहता न येणारा माणूसही इतरांबरोबर कमरेइतक्या पाण्यात जातो. अनोळखी समुद्रात उतरण्यापूर्वी त्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत समुद्रात जाताना काही जागी अरुंद वाटेने एकवटते आणि वेगाने आत वाहू लागते. अशा जागी लाटा कमी फुटतात. त्यामुळे ती जागा अनोळखी माणसाला शांत आणि सुरक्षित वाटते. वास्तविक तीच सर्वांत धोक्याची असते. या ओढीत सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, प्रवाहाशी झुंजतो, थकतो आणि बुडतो. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध झुंजू नये. शांतपणे तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर दिशेने पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे. ही ओढ फार रुंद नसते. बाहेरच्या मित्रांनी भावनेच्या भरात पाण्यात उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेकावी, जीवरक्षकांना हाक द्यावी आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. एकाला वाचवताना दुसरा बुडाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कोणत्या जागी पाण्यात उतरावे आणि कोणत्या जागी उतरू नये, हे गावातील मच्छीमारांना विचारावे. त्यांच्या ‘नको’ला कारण असते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ झालेल्या भूकंपामुळे उसळलेल्या त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या याच किनाऱ्यावर आदळल्या आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यांत मच्छीमार वस्त्यांची हानी मोठी होती. समुद्र पोसतो आणि समुद्रच हिरावून नेतो, हे त्या माणसांनी सोसून जाणले आहे.

सोबत्यांचा विसावा

दीर्घ प्रवासात जशी पायांची परीक्षा होते, तशी मैत्रीचीही होते. एकाला पहाटे उठायचे असते, दुसऱ्याला उशिरा. एक पैसे जपून खर्च करतो, दुसरा सढळ हाताने. एक भराभर चालतो, दुसरा मागे पडतो आणि मागे पडल्याचे बोलून दाखवत नाही. रोजच्या धावपळीत या गोष्टी मनात साठत जातात. विसाव्याचा दिवस हा त्या मोकळ्या करण्याचा दिवस होय.

यासाठी वारीतील एक प्रथा लक्षात घेण्याजोगी आहे. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. त्या वेळी सर्व टाळ थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि त्याचा निवाडा होतो. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूही तेथेच पुकारल्या जातात. त्यानंतरच आरती होते. एवढ्या मोठ्या समुदायाचा दीर्घ प्रवास सुरळीत होतो, कारण तक्रार मनात ठेवण्याऐवजी ती ऐकून घेण्याची वेळ आणि जागा ठरलेली असते.

चार मित्रांच्या गटालाही असे करता येते. विसाव्याच्या संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, आतापर्यंतचा खर्च मांडून एकमेकांचे देणे-घेणे मिटवावे. कोणाला काय खुपते आहे ते आरोप न करता सांगावे आणि इतरांनी ते मध्येच न तोडता ऐकावे. पुढचा मार्ग सर्वांत बलवान मित्राच्या नव्हे, तर सर्वांत थकलेल्या मित्राच्या शक्तीप्रमाणे आखावा. एखाद्याला घरी परतावेसे वाटत असेल, तर त्याला हिणवू नये. त्याचबरोबर दिवसातील काही तास प्रत्येकाला एकटे राहण्याची मुभा असावी. सोबत म्हणजे सदैव एकमेकांच्या समोर असणे नव्हे. दूर बसलेला मित्र हाकेच्या अंतरावर आहे, एवढी खात्री पुरेशी असते.

दुसऱ्याच्या अंगणात

प्रवासी ज्या वाळूवर विसावतो, ती वाळू मच्छीमाराचे अंगण असते आणि कामाची जागाही असते. तेथेच तो नाव ठेवतो, जाळी विणतो, मासळी वाळवतो. रात्रभर समुद्रावर जागून आलेला माणूस सकाळी तेथेच नावेच्या सावलीत डोळे मिटतो. त्याच्या विसाव्याच्या वेळी मोठ्याने गाणी लावणे, न विचारता छायाचित्रे काढणे, जाळ्यांवरून चालत जाणे, रिकाम्या बाटल्या टाकणे ही पाहुण्याची वागणूक नव्हे. आपला विसावा दुसऱ्याच्या विसाव्यावर उभा राहू नये, हा या बाबतीतील साधा नियम आहे.

विसावा माणसालाच लागतो असे नाही. समुद्रालाही तो दिला जातो. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मासळीला अंडी घालण्यास आणि वाढण्यास वाव मिळावा, हा त्यामागील हेतू आहे. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी १ जून ते ३१ जुलै या काळात असते. महाराष्ट्रातील कोळी समाजाला ही गोष्ट कायद्याच्या आधीपासून ठाऊक आहे. पावसाळ्यात नावा किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून पुन्हा होड्या लोटायच्या, ही त्यांची रीत आहे. काही काळ हात आखडता घेतला नाही, तर समुद्रही रिता होतो, हे शहाणपण त्या रीतीत सामावलेले आहे.

वाटसरूची सोय

स्वतःसाठी विसावा घेणे जसे आवश्यक, तसे दुसऱ्याच्या विसाव्याची सोय करणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. कोवलमहून दक्षिणेकडे जाणारा प्रवासी पुढे तंजावरच्या प्रदेशात पोहोचतो. तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे मराठ्यांचे राज्य होते. उत्तरेकडून रामेश्वरला जाणारे यात्रेकरू या प्रदेशातून जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या भोसले राजांनी मार्गावर जागोजागी छत्रे, म्हणजे अन्न व निवारा देणाऱ्या धर्मशाळा बांधल्या. सरफोजी राजे दुसरे यांनी ओरत्तनाडु येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र विशेष प्रसिद्ध आहे. १८०१ साली सरफोजी राजांनी ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कारभाराचे वर्णन आढळते. सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळे. शिजवलेले अन्न न घेणाऱ्यास शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले आहे काय, याची चौकशी होई. आजारी प्रवाशासाठी वैद्य असे आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली जाई. थकलेल्या अनोळखी माणसाला थांबण्याचा हक्क आहे, असे मानणारी ही व्यवस्था होती.

आज धर्मशाळांबरोबरच युवक वसतिगृहे, लॉज आणि घरगुती निवासाची सोय उपलब्ध आहे. मुक्कामाची जागा निवडताना पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, दाराची कडी आणि जवळचा दवाखाना या चार गोष्टी पाहाव्यात. आपण कोठे उतरलो आहोत, हे घरी कळवावे. स्त्रिया गटात असल्यास त्यांच्या सोयीचा आणि सुरक्षिततेचा विचार सर्वांनी मिळून करावा.

समारोप

विसावा म्हणजे आळस नव्हे आणि प्रवासातील खंडही नव्हे. गाण्यातील सम जशी विरामामुळे उठून दिसते, तसा प्रवासही विसाव्यामुळे अर्थपूर्ण होतो. शरीराची झीज भरून निघते, पाहिलेले मनात रुजते, सोबत्यांची मने जुळतात आणि ज्या गावातून आपण जात आहोत, त्या गावातील माणसे प्रथमच नीट दिसतात. साधारणतः पाच-सहा दिवसांच्या वाटचालीनंतर एक दिवस विसाव्याचा, असा नियम दीर्घ प्रवासाच्या आखणीत सुरुवातीलाच करून ठेवावा. थकून पडल्यावर घेतलेली विश्रांती हा नाइलाज असतो. थकण्यापूर्वी घेतलेला विसावा हे नियोजन असते.

हे सूत्र प्रवासापुरतेच मर्यादित नाही. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणारा विद्यार्थी, घर आणि नोकरी या दोन्ही आघाड्या सांभाळणारी स्त्री, हंगामात शेतात राबणारा शेतकरी यांनाही ते तितकेच लागू पडते. ज्याला दूर जायचे आहे, त्याने वाटेतले मुक्कामही निघण्यापूर्वीच ठरवून ठेवले पाहिजेत.

विचार करा व लिहा

१. ‘थांबणे’ आणि ‘विसावणे’ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. समाजआरतीच्या वेळी तक्रार मांडण्याच्या प्रथेचा उपयोग कुटुंबात किंवा कामाच्या ठिकाणी कसा करता येईल?
३. समुद्राच्या ओढीत सापडलेल्या माणसाने व किनाऱ्यावरील मित्रांनी काय करावे, ते क्रमाने लिहा.
४. ‘आपला विसावा दुसऱ्याच्या विसाव्यावर उभा राहू नये’ या विधानाविषयी आठ ते दहा ओळी लिहा.